म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे, त्याचं खाणं आणि घरातली काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न कुत्रा पाळणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. भाषा त्यांचीच ठेवली आहे, फक्त सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘डॉक्टर’ म्हटलं की पशुवैद्य समजावं.

1. कुत्र्याचा संधिवात म्हणजे नक्की काय? माणसांना होतो तोच का?

बराचसा तोच. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. ते झिजतं, सांध्यातलं वंगण पातळ होतं, सांध्याच्या आवरणाला सूज येते आणि कडेने हाडाची नवी टोकं वाढतात. फरक कारणात आहे. माणसांत वय हे मोठं कारण मानलं जातं. कुत्र्यांत बहुतेक वेळा सांध्यात आधीपासून काहीतरी बिघडलेलं असतं: खुब्याची वाटी उथळ असणं (लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात हे बरंच दिसतं), कोपराचा जन्मजात दोष, गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट किंवा गाडीखाली येऊन वाकडं जुळलेलं हाड. झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही. दुखणं कमी करता येतं, आणि ते चांगलं कमी होतं.

2. आमचा टायगर कधी कण्हत नाही, ओरडत नाही. मग दुखतंय हे कळणार कसं?

सांधे हळूहळू दुखायला लागले की कुत्रा ओरडत नाही, तो कामं टाळायला लागतो. बेल वाजली की दारापर्यंत धावणारा आता बसल्या जागेवरून शेपटी हलवतो. सोफ्यावर उडी मारण्याआधी दोनदा अंदाज घेतो. झोपेतून उठल्यावर पहिली दहा पावलं आखडून टाकतो, मग मोकळा होतो. शी करताना नीट बसता येत नाही म्हणून चालत चालतच करतो. एकच मनगट किंवा गुडघा सारखा चाटतो, तिथले केस तपकिरी पडतात. मागच्या पायांची नखं रस्त्यावर घासून पुढून बोथट होतात.

घरी करण्यासारखी एक तपासणी: तो उभा असताना दोन्ही हातांनी दोन्ही मांड्या एकदम धरून पाहा. एक मांडी दुसरीपेक्षा बारीक लागली, तर तो त्या पायावर वजन टाकायचं टाळतोय. शिवाय उठतानाचा, जिना चढतानाचा आणि चालतानाचा व्हिडिओ घरीच काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडणंही विसरतो.

3. कितव्या वर्षापासून लक्ष ठेवायचं?

ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींत 5-6 वर्षांपासून, लॅब आणि शेफर्डमध्ये 7 पासून, लहान जातींत आणि आपल्या गावठी कुत्र्यांत 9-10 पासून. खुब्याचा किंवा कोपराचा दोष लहानपणीच सापडला असेल तर वयाची वाट पाहू नका.

4. लंगडतोय म्हणजे संधिवातच ना? एक्स-रे कशाला?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. महाराष्ट्रात सगळ्यात आधी आठवावा तो गोचीड ताप. त्यात सांधे सुजतात, कुत्रा उठायचं नाव घेत नाही, ताप येतो, खाणं सुटतं, कधी पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसतात. रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या असतात. अशा वेळी संधिवात समजून वेदनाशामक गोळी दिली तर रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालेलं लंगडणं आणि सोबत ताप असेल, तर आधी रक्त तपासा.

बाकी शक्यता अशा. खेळताना अचानक मागचा पाय उचलला तर गुडघ्याचा लिगामेंट. चालताना पंजा उलटा पडतो, पण दुखल्यासारखं वाटत नाही, तर मज्जारज्जू. मोठ्या जातीच्या कुत्र्यात एकाच हाडावर कडक सूज आणि औषधाने न हलणारं दुखणं असेल तर हाडाचा कॅन्सर. एक्स-रे यासाठी काढायचा. मात्र एक्स-रे किती वाईट दिसतो आणि कुत्र्याला किती दुखतं यांचा मेळ बसेलच असं नाही. फिल्म पाहून हबकू नका, तो कसा चालतो ते पाहा.

5. सगळ्यात आधी काय करू? कोणती पावडर चांगली?

सगळ्यात आधी वजन. पावडरीचा नंबर बराच नंतर लागतो (प्रश्न 14).

लॅब्राडॉरांवरचा एक जुना अभ्यास इथे नेहमी सांगावासा वाटतो. 48 पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, आणि तेही आयुष्यभर. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य 13 वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं 11.2. कमी खाणाऱ्यांना संधिवाताचे उपचारही उशिरा लागले. ‘जास्त खाणारी’ कुत्रीही ढोल नव्हती, फक्त थोडी भरलेली होती. आपल्याकडे तशा कुत्र्याला ‘छान तब्येत आहे हो’ म्हणतात.

आता जाड असलेल्यांसाठीही आशा आहे. लंगडणाऱ्या जाड कुत्र्यांचं वजन 6 ते 9 टक्के उतरलं की चाल सुधारते असं आढळलं आहे. 38 किलोच्या लॅबसाठी हे जेमतेम अडीच-तीन किलो झाले.

6. तो जाड आहे की केस जास्त आहेत, कळायचं कसं?

हाताने. बरगड्यांवरून हलकेच बोटं फिरवा. तळहात पालथा करून बोटांच्या मुळांवरून हात फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर जाड. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे आणि बाजूने पाहिल्यावर पोट मागे वर गेलेलं दिसलं पाहिजे.

महिन्यातून दोनदा वजन करा. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. मोठ्यासाठी दवाखाना. गावात तो लांब असेल तर धान्याच्या दुकानातला किंवा आडतीतला सपाट वजनकाटा उत्तम चालतो. दुकानदार हसेल, करून देईल.

7. नेमकं किती खायला घालायचं? घरातल्या मापात सांगा.

हिशोब एकदाच करायचा आहे. वजन उतरवायचं असेल तर कुत्र्याचं आजचं नाही, असायला हवं ते वजन धरायचं. बसून असणाऱ्या शरीराला लागणाऱ्या कॅलरी 15 किलोला साधारण 530, 25 किलोला 780 आणि 30 किलोला 900. बहुतेक जाड कुत्र्यांची सुरुवात याच आकड्यापासून होते. आठवड्याला 1 ते 2 टक्के वजन उतरलं पाहिजे. त्याहून जोरात उतरलं तर स्नायूही जातात.

आता एका घरातला दिवस मांडू. लॅब 38 किलोचा, हवा 30 चा. कोटा 900. सकाळी बाबांच्या चहाबरोबर 5 ग्लुकोज बिस्किटं: जवळपास 120 कॅलरी. दुपारी तूप लावलेली एक पोळी: 150. रात्री म्हशीचं दूध एक कप: 200. जेवणाचा वाडगा अजून ठेवलेलाही नाही आणि निम्मा कोटा संपला. मग लोक विचारतात, ‘तो तर काहीच खात नाही, तरी वजन का उतरत नाही?’

पाकिटातलं खाणं देत असाल तर पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतात. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. घरचं खाणं असेल तर 100 ग्रॅम शिजलेल्या भाताला 130, तेवढ्याच बिनकातडीच्या शिजलेल्या चिकनला 165 आणि एका अंड्याला 70 कॅलरी धरा. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून शिजवलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी किंवा गाजर भरपूर घाला. कांदा आणि लसूण अजिबात नको, रश्श्यातलाही नको.

8. घरात कुणी ऐकत नाही. आजी लपून पोळी देतात, मुलं चिप्स देतात. काय करू?

देऊ नका म्हणून सांगून काही होत नाही. देण्याचा आनंद काढून घ्यायचा नाही, वस्तू बदलायची. सकाळीच एका डब्यात त्याच्या दिवसाच्या कोट्यातलंच थोडं खाणं, काकडीचे आणि गाजराचे तुकडे भरून ठेवा. ज्याला द्यायचं त्याने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की संपलं. सगळ्या खाऊच्या कॅलरी दिवसाच्या दहाव्या हिश्श्यात बसल्या पाहिजेत.

आजींना वजनकाटा दाखवा. आकड्याने जे होतं ते सुनेच्या बोलण्याने होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मनुका, बेदाणे आणि द्राक्षं मात्र कौतुकानेही द्यायची नाहीत, त्यांनी किडनी बंद पडू शकते. ‘शुगर-फ्री’ बिस्किटं आणि च्युइंगमही नको. त्यातलं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेततं.

9. भात, बटाटा, वांगं वातूळ असतं, दह्याने सांधे धरतात. म्हणून सगळं बंद केलं. बरोबर ना?

माणसांच्या पथ्याचे नियम कुत्र्याला लावायची गरज नाही. भाताने किंवा दह्याने कुत्र्याचे सांधे धरतात याला आधार नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे: वाडगाभर भात आणि त्यावर चमचाभर चिकनचं पाणी, हे जेवण असंतुलित आहे. उकडलेला बटाटा थोडा चालतो, हिरवा पडलेला किंवा मोड आलेला चालत नाही.

10. तुपाने सांध्यांना वंगण मिळतं का? आणि पाया सूप?

तूप सांध्यात पोचत नाही, कंबरेवर पोचतं. एका चमच्यात 40-45 कॅलरी.

पाया सूपात जिलेटिन असतं. पोटात ते इतर प्रथिनांसारखंच पचतं आणि त्यातून नवी कूर्चा उगवत नाही. पण ते चविष्ट असतं आणि खाणं टाकलेल्या म्हाताऱ्याला वाडग्यापाशी आणतं, हा उपयोग कमी नाही. करताना कांदा, लसूण, मीठ, मसाला काही घालू नका. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वर गोठलेली चरबी काढून टाका. शिजलेली हाडं देऊ नका, ती फुटून आतड्यात रुततात.

11. आमचं घर शाकाहारी आहे. दूध-पोळी आणि वरण-भातावर तो 11 वर्षांचा झाला. आता बदलायची गरज आहे का?

आहे. म्हातारपणी प्रथिनं कमी करावीत हा समज उलटा आहे. किडनीचा त्रास नसेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला तरुणापेक्षा चांगल्या प्रथिनांची जास्त गरज असते, कारण स्नायू झडायला लागतात आणि दुखऱ्या सांध्याला सांभाळतो तो स्नायूच. दूध-पोळीत पिष्ट आणि चरबी भरपूर, प्रथिनं थोडी. शिवाय म्हाताऱ्या कुत्र्यांना दुधाने जुलाब होणं काही नवं नाही.

अंडं चालत असेल तर निम्मं काम झालं. चालत नसेल तर घरी केलेलं बिनमिठाचं पनीर, घट्ट दही आणि मऊ शिजवलेली मूगडाळ. एवढ्यानेही आहार पूर्ण होत नाही: बी 12, ड जीवनसत्त्व, झिंक, कॅल्शियम यांची तूट राहते. म्हणून एकदा डॉक्टरांकडून आहाराचा तक्ता करून घ्या किंवा निम्मं जेवण तयार संतुलित खाण्याचं ठेवा.

12. हाडं दुखतात म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणलं. किती चमचे देऊ?

कदाचित शून्य. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. संधिवातात कमी पडलेली असते ती कूर्चा, कॅल्शियम नाही. तयार संतुलित खाणं खाणाऱ्या कुत्र्याला वरून कॅल्शियम दिल्याने सांधा सुधारत नाही, बद्धकोष्ठ होतं आणि झिंकचं शोषण अडतं. सोबत ड जीवनसत्त्वाची औषधं जास्त झाली तर ती विषारी ठरतात.

याला एक अपवाद आहे आणि तोही मोठा. पूर्ण घरचं खाणं, म्हणजे चिकन-भात किंवा वर प्रश्न 11 मधला आहार, यात कॅल्शियम खरंच कमी असतं. कारण मांसात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम जवळपास नाही. तिथे कॅल्शियम द्यावंच लागतं, पण ते आहार पुरा करायला, सांधेदुखीवर उपाय म्हणून नाही. प्रमाण डॉक्टरांनी आहार पाहून ठरवायचं.

13. फिश ऑइल द्यावं का? त्याऐवजी अळशी किंवा बांगडा चालेल?

खाण्यातून देण्याच्या गोष्टींत सगळ्यात भक्कम पुरावा यालाच आहे. माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्लं सांध्याची सूज कमी करतात. गफलत होते ती मात्रेत. बाटलीवर ‘1000 मिग्रॅ’ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं 300 मिग्रॅच. संधिवातासाठी किलोमागे 100 मिग्रॅच्या आसपास लागतं असं धरलं तर 20 किलोच्या कुत्र्याला 6-7 कॅप्सूल होतात. एक कॅप्सूल देऊन ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांचं हेच होतं. नेमका डोस डॉक्टरांना विचारा, पाव मात्रेपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा आणि फरकासाठी दोन-तीन महिने थांबा. जुलाब झाले तर मात्रा कमी करा. स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. या तेलाच्याही कॅलरी प्रश्न 7 मधल्या कोट्यात धरा.

कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, त्यामुळे ते एवढ्या मात्रेत देता येत नाही.

अळशीत, म्हणजे जवसात, ओमेगा-3 असतं, पण ते दुसऱ्या रूपातलं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए फारच थोडं होतं. शाकाहारी घरांसाठी शैवालापासून काढलेलं तेल हा खरा पर्याय.

कोकणपट्टीत राहत असाल तर मजा आहे. तारली, पेडवे आणि बांगडा हे तेलकट मासे. तारली कुकरमध्ये काटा बोटांनी चुरडला जाईपर्यंत शिजवा, बांगड्याचा मधला काटा काढून टाका. कच्चे मासे नको. सुके बोंबील आणि खारा बांगडा तर नकोच, त्यात मीठ फार असतं.

14. ग्लुकोसामाइन, हळद, शल्लकी यातलं काय चांगलं?

ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन, म्हणजे सांध्यांच्या पावडरी-गोळ्यांत असतं ते, डोळे झाकून लिहून दिलं जातं. 2022 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात त्याचा कुत्र्यांच्या सांधेदुखीवर परिणाम दिसला नाही, ओमेगा-3 चा दिसला. त्याने सहसा अपाय होत नाही, खर्च होतो. महिन्याला एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते आधी वेदनाशामक औषधाला आणि मग माशाच्या तेलाला ठेवा.

जेवणातली चिमूटभर हळद निरुपद्रवी आहे, पण आतड्यातून इतकी थोडी शोषली जाते की तिच्यावर विसंबू नये. शल्लकीवर (सालई झाडाचा डिंक) कुत्र्यांत छोटे अभ्यास आहेत, उत्साह वाटावा इतके नाहीत. यातलं काही देत असाल तर डॉक्टरांना सांगा. आयुर्वेदिक आहे म्हणून न सांगणारे बरेच आहेत.

15. रविवारी दवाखाना बंद होता. आमच्यातली अर्धी कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफेनॅक दिली तर चालेल?

नाही. अर्धी नाही, पावही नाही. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि नॅप्रोक्सेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, किडनी जाते. चुकून गेली असेल तर गोळीची पट्टी घेऊन ताबडतोब डॉक्टरांना गाठा, उलटीची वाट पाहू नका.

डायक्लोफेनॅकचं आणखी एक प्रकरण आहे. औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली म्हणून 2006 मध्ये त्याच्या जनावरांवरच्या वापराला भारतात बंदी आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही त्या यादीत गेली. तेव्हा कुणी जुनी व्हायल काढून ‘गुरांना हेच देतो’ म्हणाला तर हात जोडा.

डॉक्टर भेटेपर्यंत त्याला हलवू नका, घसरणार नाही अशा जागी झोपवा आणि शेक द्या (प्रश्न 17).

16. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम रोज द्यायला सांगितलंय. किडनी खराब होईल म्हणून दुखेल तेव्हाच देते. बरोबर?

भीती समजण्यासारखी आहे, पद्धत मात्र तोट्याची. दुखणं रोज असताना औषध मधूनमधून दिलं तर तो आठवड्यातले चार दिवस हलतच नाही, स्नायू जातात आणि सांधा आणखी आखडतो. सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी, मग 2 ते 4 आठवड्यांनी, पुढे साधारण सहा महिन्यांनी, असा पहारा ठेवून ही औषधं वर्षानुवर्षं दिली जातात. वजन उतरलं की मात्राही कमी करता येते. ते डॉक्टर ठरवतील.

तुम्ही पाळायचे नियम: गोळी खाण्याबरोबर, पाणी भरपूर. उलटी, काळी डांबरासारखी शी, खाणं बंद, अचानक फार तहान किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तर पुढची गोळी न देता फोन करा. स्टिरॉइडबरोबर कधीच नाही. कातडीच्या खाजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत स्टिरॉइड असू शकतं, तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवा. द्रवरूप औषधाची पिचकारी जपा. माणसांच्या औषधाच्या टोपणाने मोजू नका.

17. बाम किंवा तेल लावून मालिश करू का?

हात लावा, बाम नको. बामात कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं आणि कुत्रा ते चाटणारच. दोन्ही पोटात गेली तर विषारी. निलगिरीचं तेलही नको. शेक मात्र छान काम करतो. गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा आणि सांध्यावर 10-15 मिनिटं ठेवा. नाशिक, पुणे, विदर्भातल्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फिरायला नेण्याआधी हे केलंत तर पहिल्या दहा पावलांतच फरक दिसेल. ताजी दुखापत आणि गरम लागणारी सूज असेल तिथे शेक नको, थंड पट्टी.

18. फिरायला न्यावं की आराम द्यावा?

न्यावं, रोज सारखंच. आठवडाभर घरात आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी दोन तास, याने सोमवारी तो उठत नाही. 10-15 मिनिटांच्या तीन फेऱ्या, पट्टा लावून, त्याच्या वेगाने. वास घेत रेंगाळला तर रेंगाळू द्या. दुसऱ्या दिवशी जास्त आखडला तर वेळ कमी करा. चेंडू फेकणं बंद, गर्रकन वळण्याने सांध्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. पोहणं उत्तम, पण विहिरीत किंवा खोल तळ्यात नाही. उन्हाळ्यात डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकत नसेल तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत.

19. घरात काय बदल करावे लागतील?

आपल्या नव्या फ्लॅटांतली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी हा म्हाताऱ्या कुत्र्याचा पहिला शत्रू. मागचे पाय फाकतात, तो घाबरतो आणि उठायचंच सोडतो. महागडं काही लागत नाही. झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या किंवा रबरी मॅटची सलग वाट करा, खाली न सरकणारी जाळी घाला. मध्ये दोन फुटांची उघडी फरशी राहिली तर तो तिथेच थांबतो. नखं कापा आणि पंजाखालचे केस छाटा, नाहीतर मॅटवरही पाय सरकतो.

अंथरूण जाड हवं. जुन्या गोधड्यांच्या चार-पाच घड्या एकावर एक घातल्या तरी चालतं, कोपर जमिनीला टेकता कामा नये. बिनलिफ्टच्या इमारतीत जिन्यावर पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भार उचलून धरा. नर असेल तर टॉवेल थोडा पुढे. मान आणि कोपर दुखणाऱ्याला वाडगा छातीच्या खालच्या पातळीपर्यंत उचलून द्यावा. मात्र ग्रेट डेन, डॉबरमनसारख्या खोल छातीच्या जातींत उंच वाडग्याचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याशी जोडला गेला आहे, तिथे आधी विचारा.

20. तो जाड नाहीच, उलट खंगत चाललाय. तरी खाणं कमी करू?

मुळीच नाही. प्रश्न 5 ते 8 तुमच्यासाठी नाहीत. आधी वजन का उतरतंय ते शोधा: दात, किडनी, यकृत, मधुमेह, कॅन्सर. वाडग्यापर्यंत चालत जायलाच दुखतं म्हणून न खाणारे कुत्रेही असतात. खाणं त्याच्या अंथरुणापाशी नेऊन पाहा, कोमट करा म्हणजे वास सुटेल, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या.

21. सांधे आणि किडनी दोन्ही बिघडलंय. एक डॉक्टर प्रथिनं वाढवा म्हणतात, दुसरे कमी करा. कुणाचं ऐकू?

आजार दोन असले तरी योजना एकाच डॉक्टरांकडे सोपवा. अशा वेळी साधारणपणे किडनीला आधी जपतात. फॉस्फरस कमी करणं सगळ्यात महत्त्वाचं, प्रथिनं आजाराच्या पायरीनुसार मोजून पण दर्जेदार: अंड्याचा पांढरा भाग चालतो, कलेजी आणि हाडांचं सूप बंद. माशाचं तेल दोन्ही आजारांत उपयोगी आहे. प्रश्न 16 मधली औषधं अशा कुत्र्याला धोक्याची ठरू शकतात, म्हणून डॉक्टर गॅबापेंटिनसारखं दुसरं काही निवडतात.

अवघड केस असेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत दाखवता येतं. रांग असते, पण एक्स-रे आणि तज्ज्ञ एका आवारात मिळतात.

22. आम्ही न्यू जर्सीत आहोत. इथे महिन्यातून एकदाचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?

ते बहुधा बेडिनव्हेटमॅब, बाजारातलं नाव लिब्रेला. वेदनेचा संदेश पोचवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. अमेरिकेत मे 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. बऱ्याच कुत्र्यांना त्याने आराम पडतो आणि जठर-किडनीला गोळ्यांसारखा त्रास होत नाही. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र पाठवून झटके, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं अशा तक्रारींची जाणीव करून दिली. तुमच्या कुत्र्याला मज्जारज्जूचा त्रास किंवा पूर्वी फिट आल्या असतील तर हे इंजेक्शनच्या आधी सांगा.

23. कधी नव्हे तो नातवावर गुरगुरला. म्हातारपणाने डोकं फिरलंय का?

आधी दुखणं धरा. लहान मूल अंगावर रेललं आणि नेमका खुबा दाबला गेला की सहनशील कुत्राही गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. त्याची झोपायची जागा मुलांच्या वाटेतून हलवा आणि डॉक्टरांना सांगा. रात्रभर येरझाऱ्या, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, ओळख विसरणं हे सोबत असेल तर मेंदूच्या म्हातारपणाचाही विचार करावा लागतो.

24. थांबायची वेळ कधी आली म्हणायचं?

कॅलेंडरवर रोज एक खूण करा: चांगला दिवस की वाईट. चांगला म्हणजे खाल्लं, शी-शू आपण होऊन केली, तुम्ही आल्यावर मान वर केली. औषध पुरतं चालू असूनही दोन-तीन आठवडे वाईट खुणा जास्त व्हायला लागल्या तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. मात्र त्याआधी औषध खरंच पुरतं आहे ना, हे एकदा पाहा. ‘आता काही उरलं नाही’ म्हणून आणलेल्या कुत्र्यांपैकी काहींना नीट वेदनाशामक कधी मिळालेलंच नसतं.

25. सोसायटीतली म्हातारी भटकी कुत्री लंगडते. पकडू देत नाही. तिच्यासाठी काय करता येईल?

घरच्यापेक्षा कमी, पण बरंच काही. पावसाळ्याआधी जिन्याखाली फळीचा एखादा वीतभर उंच पाट आणि त्यावर गोणपाट टाकून ठेवा, ओल्या जमिनीवर झोपणं तरी टळेल. गोणपाट आठवड्याला बदला, त्यात गोचिड्या होतात. तिला खायला घालणाऱ्या सगळ्यांनी मिळून एक वेळ आणि एक जागा ठरवा. पाच घरांतून पाच वेळा भात-पोळी मिळणाऱ्या सोसायटीतल्या कुत्र्या लठ्ठ होतात आणि तरीही कुपोषित असतात. चिकनचं पाणी-भात यापेक्षा उकडलेलं अंडं बरं.

औषध द्यायचं तर आधी व्हिडिओ दाखवून डॉक्टरांना विचारा आणि एकदा तरी रक्त तपासता येईल का ते पाहा. ओळखीच्या माणसाने खायला घालताना पट्टा अडकवला तर जमतं. गोळी वाडग्यात टाकून निघून जाऊ नका, ती शेजारचा तरुण कुत्रा खाईल. पनीरच्या किंवा अंड्याच्या एकाच घासात गोळी दाबून तिच्या तोंडापाशी धरा, गिळेपर्यंत उभं राहा आणि आज कुणी दिली ते वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहा, म्हणजे संध्याकाळी दुसरं कुणी तीच गोळी परत देणार नाही.